कोकणातली वासरं, जंत आणि गोचीड : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लांजा-राजापूर पट्ट्यात वीसेक वर्षं मी गोठे फिरलो. आता घरी आहे, पण फोन थांबलेला नाही. मृग लागला की "वासरू पातळ शेण टाकतंय" आणि दिवाळी झाली की "खाऊनपिऊन अंगाला लागत नाही" हे दोन निरोप ठरलेले. पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केलेत. एकाच्या उत्तरात दुसऱ्याचा धागा असला, तर तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. वासराला जंत झालेत हे ओळखायचं कसं? शेणात तर काही दिसत नाही.

शेणात जंत दिसायची वाट पाहू नका. बहुतेक जंत आतच राहतात, बाहेर पडतात ती त्यांची अंडी आणि ती डोळ्यांना दिसत नाहीत. वासराकडे पाहा. पोट घागरीसारखं आणि वरून पाठीचा कणा मोजता येतो, केस उभे, रुक्ष आणि टोकाला तांबूस, शेपटीखाली शेण वाळून बसलेलं, माती-भिंत चाटायची सवय, ही नेहमीची खूण. खालची पापणी अंगठ्याने ओढून बघा. आतली त्वचा लालसर-गुलाबी हवी. पांढरट फिकी दिसली तर रक्त कमी आहे. जबड्याखाली पाण्याची थैली लोंबल्यासारखी मऊ सूज आली, तर प्रकरण पुढे गेलंय असं समजा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवा.

शेणात तांदळाच्या दाण्यासारखे पांढरे चपटे तुकडे दिसले की लोक फार घाबरतात. तो चपट्या फीतजंताचा भाग. दिसायला ओंगळ, पण वासराचं त्यामानाने थोडंच बिघडवतो. खरा घात न दिसणारे करतात.

२. माझं रेडकू फक्त आईचं दूध पितं, गवताला तोंडही लावलेलं नाही. मग जंत आले कुठून?

आईच्याच दुधातून. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा आलाय आणि उत्तर ऐकून सगळ्यात जास्त लोक वाद घालतात.

टोक्सोकारा नावाचा मोठा गोल जंत आहे. त्याच्या अळ्या म्हशीच्या, गाईच्या अंगात झोपून असतात. व्यायची वेळ आली की त्या जाग्या होतात, कासेकडे सरकतात आणि पहिल्या काही दिवसांच्या दुधाबरोबर पिल्लाच्या पोटात जातात. तिथे तीन-चार आठवड्यांत त्यांचे वीतभर लांब, पांढरे, गांडुळापेक्षा जाड जंत होतात. म्हशींमध्ये हे प्रमाण गाईंपेक्षा बरंच जास्त. राखाडी मातीसारखी, घाण वासाची हगवण, दूध सोडणं, पोटात कळ येऊन पाय झाडणं ही याची लक्षणं. फार जंत झाले तर आतडं बंद पडून पिल्लू दगावतं.

पण म्हणून चीक तोडायचा नाही. चिकाशिवाय वासराला प्रतिकारशक्ती मिळत नाही. व्यायल्यापासून तासा-दोन तासांत पोटभर चीक पाजायचाच, आणि जंतांचा बंदोबस्त प्रश्न ३ प्रमाणे करायचा.

३. पहिला डोस कधी द्यायचा? नंतर किती वेळा?

पहिला डोस वयाच्या दहाव्या ते पंधराव्या दिवशी. त्या वेळी दुधातून आलेले जंत पोटात असतात पण मोठे झालेले नसतात, अंडी घालायला लागलेले नसतात. म्हणजे वासरूही वाचतं आणि गोठ्याची मातीही. या जंताची अंडी मातीत महिनोन्‌महिने जिवंत राहतात. एका वर्षीचं चुकलेलं औषध पुढच्या वेताच्या पिल्लाला भोवतं ते असं.

त्यानंतर सहा महिन्यांपर्यंत महिन्याला एक, मग वर्षाचं होईपर्यंत तीन महिन्यांनी, आणि पुढे वर्षाला दोनदा, पावसाआधी आणि पावसानंतर, अशी सर्वसाधारण पद्धत आहे. पण वासरू पूर्ण बांधून वाढत असेल आणि शेण तपासणीत अंडी नगण्य असतील, तर मधले डोस कमी करता येतात (प्रश्न १५). उलट, पाणथळ जागी चरणाऱ्या कालवडीला पावसानंतरचा डोस चुकवून चालत नाही (प्रश्न ७). कॅलेंडर ही सुरुवात समजा. तारखेला दिलं म्हणजे झालं, असं होत नाही.

माझ्या स्वतःच्या गोठ्यात एक पाडी अठराव्या दिवसापर्यंत माझ्याच आळसामुळे राहून गेली. बाराव्या दिवशी बाटली हातात घेतली होती, "उद्या देऊ" म्हणून कोनाड्यात ठेवली. ती जगली, पण तिच्याच बरोबर जन्मलेल्या शेजारच्या पाडीपेक्षा वर्षभर हातभर मागेच राहिली.

४. दुकानातून औषध आणलं. किती पाजायचं?

आधी बाटलीवरचं नाव नाही, ताकद वाचा. फेनबेंडाझोल २.५ टक्क्यांचंही मिळतं आणि १० टक्क्यांचंही. किलोमागे ५ मिलीग्रॅम धरलं, तर ४० किलोच्या वासराला २०० मिलीग्रॅम लागतं. पहिल्या बाटलीतून ते ८ मिली, दुसऱ्या बाटलीतून २ मिली. शेजाऱ्याने "मी ८ मिली दिलं" सांगितलं आणि तुमच्या हातात १० टक्क्यांची बाटली असली, तर चौपट गेलं. फेनबेंडाझोलमध्ये एवढ्याने सहसा मोठं काही होत नाही, पण लिव्हामिसोल, क्लोझँटेल अशा औषधांत सुरक्षित आणि घातक मात्रेतलं अंतर कमी असतं. तिथे अशी चूक अंगाशी येते.

वजन अंदाजाने धरू नका, आपण वासराचं वजन नेहमी कमीच धरतो. शिंप्याची टेप घ्या. पुढच्या पायांमागून छातीचा घेर इंचात मोजा, खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०, म्हणजे किलो. घेर ३६ आणि लांबी ३० आली तर ३६ × ३६ × ३० म्हणजे ३८,८८०, भागिले ६६०, साधारण ५९ किलो.

कमी मात्रा देणं हे न देण्यापेक्षा वाईट. कच्च्या मात्रेतून वाचलेले जंत त्या औषधाला सरावतात (प्रश्न १६).

५. औषध पाजताना वासराला ठसका लागला, नंतर ते धापा टाकू लागलं. काय चुकलं?

औषध फुप्फुसात गेलं असावं. हे न्यूमोनियाचं कारण होतं आणि त्यात वासरं दगावतात, म्हणून डॉक्टरांना लगेच दाखवा.

पुढच्या वेळी डोकं आकाशाकडे उचलू नका. तोंड पाठीच्या रेषेत किंवा थोडंसंच वर ठेवा. जीभ ओढून धरू नका, जीभ धरली तर गिळता येत नाही. सिरिंजची सुई काढून टाका, ती गालाच्या कडेने आत सरकवा, दोन-तीन मिली सोडा, गिळू द्या, मग पुढचं. खोकलं तर लगेच डोकं सोडा. बांबूच्या नळीने पाजायची जुनी पद्धत मोठ्या बैलाला ठीक होती, पंधरा दिवसांच्या पिल्लाला नाही. गोळी असेल तर चुरून पाण्यात मिसळा.

६. आम्ही वासरू बाहेर सोडतच नाही, गोठ्यातच असतं. तरी औषध लागतं का?

लागतं. दुधातून येणारे जंत (प्रश्न २) गोठ्यातल्या वासरालाही येतात. कापून आणलेलं बांधावरचं ओलं गवत बाहेरचंच असतं. आणि ओल्या, शेणाने माखलेल्या जमिनीत काही बारीक जंतांच्या अळ्या थेट कातडीतून आत जातात.

कोकणात हे जास्त का, त्याचं कारण पाऊस. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला ३,००० मिलीमीटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त पडतो, आणि जून ते सप्टेंबर हवेत कायम दमटपणा. जंताच्या अंड्यातून गवतावर चढणारी अळी तयार व्हायला उष्ण-ओल्या हवेत आठवडाभर पुरतो. देशावरच्या उन्हात, कोरड्यात ती वाळून मरते, इथे ती गवताच्या खालच्या दोन-तीन इंचांत आरामात बसते. म्हणून पहाटेच्या दवात वासरं सोडू नका, ऊन चढल्यावर सोडा. आणि खुरटं, मुळापर्यंत चरलेलं गवत वासरांना चारू नका. तिथे मोठी गुरं चरू देत.

गोठ्यातल्या वासराची जागा वेगळी, उंच आणि कोरडी करा. पावसात खाली पातेरा (झाडांचा वाळका पाला) घालत असाल, तर तो रोज बदला. ओला पातेरा न बदलता वर नवा टाकत राहिलात, तर ते अंथरूण नाही, जंतांचा मळा आहे.

७. पट्टकृमी म्हणतात तो काय प्रकार? आमच्या मळ्याजवळच्या गाईंनाच का होतो?

कारण तुमच्या मळ्यात गोगलगायी आहेत. पट्टकृमीचं (याला यकृतकृमी किंवा लिव्हर फ्लूकही म्हणतात) अर्धं आयुष्य पाण्यातल्या शंखाच्या गोगलगायीत जातं. जनावराच्या शेणातून अंडी पाण्यात, पाण्यात सुटलेला जीव गोगलगायीच्या अंगात, तिथे वाढून बाहेर पडतो आणि गवताच्या, भाताच्या बुंध्याला टाचणीच्या टोकाएवढी गाठ होऊन चिकटतो. जनावर ते गवत खातं. तिथून यकृत पोखरत मोठा व्हायला त्याला तीन महिन्यांच्या वर लागतात. म्हणजे पावसात आणि पाऊस सरताना घेतलेली लागण डिसेंबर-जानेवारीत दिसते, आणि आपण म्हणतो, "थंडीनं वाळलं."

याचा भाऊ म्हणजे पोटातला पट्टकृमी, रुमेनमधला (पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यातला) गुलाबी, डाळिंबाच्या दाण्यासारखा. मोठा झाला की फारसा त्रास देत नाही. त्याची पिल्लं मात्र लहान आतड्यात जखमा करतात. पावसानंतर एका वर्षाच्या आतल्या कालवडीला पाण्यासारखी, घाण, न थांबणारी हगवण लागली तर याचा संशय घ्या.

जागा ओळखा. पऱ्ह्याच्या (ओढ्याच्या) कडेचं डबकं, वायंगणी (उन्हाळी) भाताची खाचरं, विहिरीच्या कडेला कायम ओलं राहणारं गवत, आटत चाललेल्या तळीचा काठ. भात कापून झालं की गुरं उनाड सोडायची आपली रीत आहे. तेव्हा ओल्या खलाटीत (सखल भातजमिनीत) जाणारी कालवड हमखास घेऊन येते. कुंपण घालणं जमत नसेल, तर निदान वर्षाखालची वासरं त्या बाजूला जाऊ देऊ नका आणि पाणी घरी बादलीत पाजा. बदकं पाळत असाल तर ती मळ्यात सोडा, गोगलगायी आवडीने खातात.

औषध वेगळं लागतं. नेहमीचं फेनबेंडाझोल पट्टकृमीवर काम करत नाही. ऑक्सिक्लोझानाईड मोठ्या कृमींवर आणि पोटातल्या पट्टकृमींवर चालतं, ट्रायक्लाबेंडाझोल यकृतातल्या कोवळ्या कृमींवरही. कोणतं, ते शेण तपासून डॉक्टर ठरवतील.

८. भाताचा पेंढाच खायला घालतो. तो तरी सुरक्षित ना?

कडकडीत वाळवलेला आणि उडवीत काही महिने राहिलेला असेल, तर बऱ्यापैकी. पट्टकृमीच्या गाठी कोरड्यात हळूहळू मरतात, ओलसर पेंढ्यात टिकतात. कापणी झाली आणि चार दिवसांत पाणथळ खाचरातला हिरवट पेंढा वासरापुढे टाकला, तर तुम्ही हाताने लागण दिलीत. गाठी बहुतेक पाण्याजवळच्या बुंध्याला असतात. तिथला पेंढा असेल तर जमिनीलगतचा वीतभर भाग कापून तो अंथरायला वापरा, शेंडा वासराला द्या.

९. वासराला रक्ताची हगवण लागली. दोनदा जंताचं औषध दिलं, थांबत नाही.

थांबणारच नाही. महिना ते सहा महिन्यांच्या वासराला रक्त-शेंबूड मिसळलेली हगवण, शेण टाकताना कुंथणं, हे बहुतेक वेळा कॉक्सिडियाचं. तो जंत नाही, आतड्याच्या आवरणात वाढणारा सूक्ष्म जीव आहे. त्यावर अँप्रोलियम किंवा टोल्ट्राझुरिल अशी वेगळी औषधं चालतात आणि ती डॉक्टरांच्या सांगण्यानेच द्यायची. तोवर मीठ-साखरेचं कोमट पाणी पाजत राहा, दूध बंद करू नका.

एकाला झालं की त्या दावणीची सगळी वासरं लागण झालेली धरा. फिनाईलने कॉक्सिडियाच्या अंड्यांना काही होत नाही. उकळतं पाणी, ऊन आणि कोरडेपणा यांनीच ती मरतात. वासरांची दाटी कमी करा, गव्हाण आणि पाण्याची बादली अशा उंचीवर बांधा की त्यात शेण पडणार नाही.

पहिल्या तीन आठवड्यांतली पिवळट पाण्यासारखी हगवण यापेक्षा वेगळी. तिच्यातला एक जीव, क्रिप्टोस्पोरिडियम, माणसालाही होतो. अशा वासराला हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय चहाचा कप धरू नका, आणि मुलांना लांब ठेवा.

१०. गोचीड मारायचं औषध फवारलं, आठ दिवसांत पुन्हा तेवढेच. औषध खोटं आहे का?

औषध खरं असेल, पण फक्त जनावरावर मारलंत. गोचिडाची मादी रक्त पिऊन फुगली की खाली पडते आणि भिंतीच्या फटीत जाऊन दोन-तीन हजार अंडी घालते. आपले गोठे चिऱ्याचे. जांभ्याच्या भोकाभोकांत गोचिडाला सुतिकागृह बांधून दिलंय आपण. टॉर्च घेऊन रात्री दावणीमागच्या चिऱ्यात बघा, खांबाच्या भेगांत बघा. त्यातून निघालेली पिल्लं कित्येक आठवडे उपाशी राहून जनावराची वाट बघतात.

त्यामुळे जनावर आणि गोठा एकाच दिवशी. भिंतीच्या फटी सिमेंटने किंवा निदान चुन्याने बुजवा, चुना दरवर्षी पावसाआधी द्या. आपल्याकडचा मुख्य गोचीड एकाच जनावरावर साधारण तीन आठवडे राहतो, म्हणून फवारणी दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा करायची, पुन्हा दोन्हीकडे. डेल्टामेथ्रीन, अमिट्राझ, फ्लुमेथ्रीन यांचं लेबलावरचं प्रमाण मोजूनच पाण्यात मिसळा. जास्त घातल्याने जास्त मरत नाहीत.

तीन महिन्यांखालच्या वासरावर फवारू नका. त्याचे गोचीड हाताने काढा. कानाच्या आत, शेपटीखाली, मांडीच्या सांध्यात शोधा आणि साबणाच्या पाण्याच्या डब्यात टाका, नखाने फोडू नका. फवारलेल्या आईला वासरू चाटायला, प्यायला सोडण्याआधी तिचं अंग पूर्ण वाळू द्या, सड धुवून घ्या.

११. आंब्यावर मारायचं औषध उरलंय. तेच थोडं पातळ करून चालेल का?

नाही. या एका प्रश्नावर मी फोनवर ओरडतो. तुडतुड्यांसाठी मारायचं औषध आंब्याच्या पानासाठी बनवलेलं असतं, जनावराच्या कातडीसाठी नाही. वासरू ते अंगावरून शोषतं, चाटतं, आणि लाळ गळणं, थरथर, श्वास कोंडणं सुरू होतं. असं झालं तर अंग भरपूर पाण्याने धुवा, औषधाची बाटली हातात घ्या आणि डॉक्टरांना त्यावरचं नाव वाचून दाखवा. काही प्रकारच्या औषधांवर उतारा असतो, पण वेळ फार थोडा. रॉकेल लावणंही तसंच. गोचीड मरतो न मरतो, कातडी भाजते हे नक्की.

१२. गोचीड काढले, तरी संकरित कालवडीला १०५ ताप आणि खांद्यापुढे गाठ. हे गोचिडामुळेच का?

बहुधा थायलेरिया. गोचीड चावून देतो तो, आणि गोचीड काढला तरी आत सोडलेला जीव राहतो. ताप, खांद्यापुढच्या आणि कानाखालच्या गाठी सुजणं, डोळ्यांतून पाणी, नंतर पापण्या पांढऱ्या. संकरित वासरांना हा जोरात होतो. ब्युपार्व्हाक्वोनचं इंजेक्शन लवकर मिळालं तर जीव वाचतो, रक्त उतरल्यावर मिळालं तर अवघड. लघवी लाल-तपकिरी झाली तर तो दुसरा रोग, बबेसिया, आणि त्याचं औषधही वेगळं. दोन्हीत वाट बघायची नसते. दवाखाना लांब असेल तर १९६२ या टोल फ्री क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी फोन करा.

१३. सगळ्यावर एकच इंजेक्शन, आयव्हरमेक्टिन, दिलं तर काम होतं का?

गोल जंत, उवा, खरूज यांवर चांगलं. गोचिडांवर काही प्रमाणात. पट्टकृमी, फीतजंत, कॉक्सिडिया यांवर शून्य. आणि दूध देणाऱ्या जनावराला देऊ नका, ते दुधात उतरतं आणि बरेच दिवस राहतं. कालवडीला चालतं, पण ते कातडीखाली द्यायचं असतं, मात्रेचं गणित चुकू द्यायचं नाही.

एक गोष्ट कोणी विचारत नाही म्हणून मीच सांगतो. हे औषध शेणातून बाहेर पडतं आणि शेण फोडणाऱ्या शेणकिड्यांनाही मारतं. शेणकिडे गेले की शेणाचे पोह आठवडाभर तसेच पडून राहतात, आणि जंतांच्या अळ्यांना घर मिळतं.

१४. आजी वावडिंग आणि पळसाच्या बिया द्यायची. ते पुरे नाही का?

दोन्ही जुनी, अनुभवाची औषधं आहेत आणि मी त्यांची टिंगल करणार नाही. अडचण मात्रेची आहे. कोणत्या बीत किती गुण, वासराच्या कोणत्या वजनाला किती, हे घरोघरी वेगळं सांगतात. दोन वर्षांच्या कालवडीला अधूनमधून द्या हवं तर. पंधराव्या दिवसाच्या पिल्लाचा डोस त्यावर सोडू नका. करंजाचं तेल गोचिडांसाठी चोळतात, त्याने थोडा फरक पडतो, पण भिंतीतल्या अंड्यांचं काय करणार (प्रश्न १०)?

१५. शेण तपासणीसाठी काय करायचं? त्यात खरंच काही कळतं?

बरंच कळतं. कोणत्या प्रकारची अंडी आहेत ते कळतं, म्हणजे कोणतं औषध हे कळतं, आणि अंदाजे किती तेही. ताजं शेण घ्या, शक्यतो वासराच्या गुदद्वारातून हातमोजा घालून, दोन चमचे पुरे. जमिनीवर पडलेलं घेतलं तर मातीतले दुसरेच किडे मिसळतात. स्वच्छ डबीत, सावलीत, त्याच दिवशी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात द्या. डबीवर वासराचं वय आणि आधी कोणतं औषध कधी दिलं ते लिहा. हे न लिहिलेल्या डब्या पाहून तपासणारा वैतागतो, मी वैतागलोय.

एक मर्यादा लक्षात असू द्या. कोवळे जंत अंडी घालत नाहीत. म्हणून अहवालात "नाही" आलं आणि वासरू मात्र मलूल असेल, तर लक्षणांना जास्त मान द्या.

१६. दरवेळी वेगळ्या कंपनीचं देतो, तरी लागू पडत नाही.

कंपनी बदलली, औषध बदललं नाही. फेनबेंडाझोल आणि अल्बेंडाझोल एकाच कुळातली. एकाला जंत सरावले की दुसऱ्यालाही सरावतात. पायरँटेल, लिव्हामिसोल, आयव्हरमेक्टिन ही वेगळी कुळं. कूळ बदलायचं ते साधारण वर्षाने, प्रत्येक डोसला नाही. आधी मात्रा तपासा (प्रश्न ४), मग रोगच दुसरा नाही ना ते पाहा (प्रश्न ७ आणि ९). खात्री हवी असेल तर डोसच्या दिवशी आणि दोन आठवड्यांनी, असं दोनदा शेण तपासून घ्या. अंडी फारशी घटली नसतील तर औषध थकलंय.

१७. गाय गाभण आहे. तिला दिलं तर वासराला जंत होणार नाहीत ना?

गोल जंताच्या ज्या अळ्या अंगात झोपून असतात, त्यांच्यापर्यंत नेहमीचं औषध नीट पोचत नाही. म्हणून आईला दिलं तरी पिल्लाचा डोस टळत नाही. आईच्या स्वतःच्या जंतांसाठी मात्र द्यावं. पहिल्या तीन महिन्यांत अल्बेंडाझोल टाळा, गर्भात व्यंग येऊ शकतं. फेनबेंडाझोल गाभण जनावराला चालतं. दुभत्या जनावराला दिल्यावर दूध किती दिवस विकायचं नाही, ते लेबलावर असतं, ते पाळा.

१८. आमची गावठी गाय आहे, कोकण कपिला. त्यांना जंत होत नाहीत म्हणतात.

होतात, पण मोठ्या वयात त्या बऱ्याच निभावून नेतात. कोकण कपिला ही इथल्या पावसात, चढणीवर, कमी चाऱ्यावर टिकलेली जात, गोचिडांनाही जर्सीपेक्षा कितीतरी चांगलं तोंड देते. पण ती ताकद वय वाढेल तशी येते. सहा महिन्यांखालचं वासरू कोणत्याही जातीचं असो, उघडंच असतं. पहिले दोन-तीन डोस गावठीलाही द्या, नंतर हात आखडता घेतला तरी चालेल.

१९. गाय रात्री घोरते, नाकातून शेंबूड-रक्त येतं. याचा जंतांशी संबंध आहे?

आहे. नाकाच्या रक्तवाहिन्यांत राहणारा एक पट्टकृमी असतो, नाकात फुलकोबीसारखी वाढ होते आणि श्वास घोरल्यासारखा येतो. हाही पाण्यातल्या गोगलगायीमार्फतच येतो, पण खाऊन नाही. पाण्यात उभ्या राहिलेल्या जनावराच्या कातडीतून आत शिरतो. म्हशीत लक्षणं सौम्य, गाईत ठळक. उपचार डॉक्टरांकडे. डबक्यात गुरं उभी करणं थांबवा (प्रश्न ७).

२०. माकडतापाचा आणि गुरांच्या गोचिडांचा काही संबंध?

दोडामार्गात २०१६ मध्ये साथ आली तेव्हापासून सिंधुदुर्गातून हे विचारतात. माकडताप माणसाला जंगलातल्या गोचिडांमुळे होतो. गुरं त्या रोगाने आजारी पडत नाहीत, पण जंगलातून चरून येताना गोचीड घरी आणू शकतात. संध्याकाळी गुरं बांधताना अंगावरून हात फिरवा, सापडलेले गोचीड उघड्या हाताने चिरडू नका. परिसरात माकड मेलेलं दिसलं तर हात न लावता आरोग्य केंद्राला कळवा.

२१. एवढा खटाटोप केला तर पदरात काय पडतं? आज तर वासरू एक थेंबही दूध देत नाही.

म्हणूनच वासराची आबाळ होते. हिशेब करा. संकरित कालवड साधारण २५० किलोची झाली की भरवता येते. जन्माला २२ किलो, म्हणजे २२८ किलो वाढायचं आहे. रोज ४०० ग्रॅम वाढली तर ५७० दिवस, १९ महिने. जंत-गोचिडांनी वाढ २५० ग्रॅमवर आणली तर ९१२ दिवस, ३० महिने. त्यात गाभणपणाचे सव्वानऊ महिने धरा. एक कालवड २८व्या महिन्यात व्याली, दुसरी ३९व्या. मधले ३४२ दिवस तिला फुकट पोसलं. रोजचा चारा-खुराक ८० रुपये जरी धरला, तरी २७,३६० रुपये. जंताच्या औषधाच्या वर्षभराच्या बाटल्या यापुढे काहीच नाहीत.

हा झाला नुसता उशीर. पोटात हजार रक्तपिपासू जंत असले तर ते रोज ५० मिलीच्या आसपास रक्त पितात. खाल्लेला खुराक कास, हाडं, छाती यांऐवजी ते रक्त भरून काढण्यात जातो. खुरटलेली कालवड व्यायला अडते, पहिल्या वेतात दूध कमी देते, आणि आयुष्यात एखादं वेत कमीच देते. शिवाय जंतांनी खंगलेल्या वासराचं लसीकरण नीट लागू पडत नाही. म्हणून घटसर्प, फऱ्या, लाळ-खुरकूत यांच्या लसीआधी आठ-दहा दिवस जंताचं औषध देऊन घ्या.

२२. माझी कालवड दीड वर्षाची आहे, लहानपणी काहीच दिलं नाही, खुरटलीय. विकून टाकू का?

लगेच नाही. आधी शेण तपासा, पापण्या पाहा, गोचीड मोजा. नेमकं औषध द्या, दोन आठवड्यांनी पुन्हा तपासा. मग रोज खनिज मिश्रण, थोडी पेंड, वाळलेला पेंढा आणि मिळेल तो हिरवा चारा. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला घेर मोजून गोठ्याच्या दारावर खडूने लिहा. तीन महिन्यांत घेर वाढत गेला, केसांना चकाकी आली, तर ती सावरतेय, ठेवा. यकृत पट्टकृमींनी पार पोखरलेलं असेल किंवा फुप्फुसं लहानपणीच्या न्यूमोनियाने गेली असतील, तर औषध देऊनही ती धापाच टाकते, घेर हलत नाही. तेव्हा विकायचा विचार करा. पण घेणाऱ्याला दारावरचे आकडे दाखवूनच.